कोमा गुच्छातल्या दीर्घिकांच्या दिशा : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रश्न आधीच नीट मांडून ठेवते. दीर्घिकागुच्छात शेकडो दीर्घिका असतात आणि त्यातल्या फार थोड्या अगदी गोल दिसतात. बाकीच्या चकतीच्या तरी असतात किंवा लांबट लंबवर्तुळाकार. म्हणजे प्रत्येकीला एक दिशा आहे. या दिशा कशाशी बांधलेल्या आहेत का, की वाटेल तशा विखुरल्या आहेत?

‘कशाशी’ म्हटलं की प्रश्नाचे तीन तुकडे होतात. पहिला, मधल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिकेचा मोठा अक्ष गुच्छाच्या लांबट आकाराशी जुळतो का. दुसरा, आजूबाजूच्या सामान्य सदस्य दीर्घिका केंद्राकडे रोख धरून आहेत का. तिसरा, चकतीच्या दीर्घिकांचे भ्रमणाक्ष गुच्छाच्या मुख्य प्रतलाशी काही नातं दाखवतात का. वाचताना असं दिसलं की अनेक लेखांत हे तिन्ही प्रश्न ‘दिशांची जुळणी’ या एकाच नावाखाली येतात, आणि मग एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं जातं. मी तिन्हींसाठी वेगळ्या वह्या ठेवणार आहे.

गुच्छ ठरला : अरुंधती केश तारकासमूहातला कोमा, म्हणजे एबेल १६५६ (एबेल यांच्या गुच्छयादीतला क्रमांक). अंतर सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षं, हजाराहून जास्त सदस्य. स्लोन सर्वेक्षणाची, म्हणजे आकाशाच्या मोठ्या भागातल्या दीर्घिकांच्या प्रतिमा आणि वर्णपट घेणाऱ्या प्रकल्पाची, मापं फुकट मिळतात. जवळचा असल्यामुळे दीर्घिका मोठ्या दिसतात आणि कोन विश्वासाने मोजता येतात.

९ जानेवारी

मोजायचं काय ते पक्कं केलं. आकाशात दीर्घिकेचा मोठा अक्ष उत्तरेपासून पूर्वेकडे किती वळला आहे तो स्थितिकोन. अक्षाला बाणाचं टोक नसतं, म्हणून हा कोन ०° ते १८०° एवढाच फिरतो, आणि ०° व १८०° एकच.

इथे साधी सरासरी चालत नाही. एका दीर्घिकेचा कोन २° आणि दुसरीचा १७८° असेल तर दोघी जवळजवळ समांतर आहेत, पण सरासरी येते ९०°, म्हणजे नेमकी आडवी. उपाय जुनाच आहे : कोन दुप्पट करायचे, सदिश म्हणून बेरीज करायची आणि शेवटी निम्मे करायचे. ४° आणि ३५६° यांची बेरीज ०° वर येते. सगळी गणना दुप्पट कोनातच ठेवणार.

केंद्राकडच्या रोखासाठी वेगळा कोन लागतो : दीर्घिकेचा मोठा अक्ष आणि तिच्यापासून गुच्छाच्या केंद्राकडे जाणारी रेषा यांच्यामधला. ०° म्हणजे सरळ केंद्राकडे, ९०° म्हणजे केंद्राभोवती आडवी. दुप्पट कोनाच्या कोसाइनची सरासरी धन आली तर केंद्राकडे कल, ऋण आली तर आडवा कल, शून्य आली तर काही नाही.

१५ जानेवारी

सदस्यांची यादी. कोमाची सरासरी ताम्रसृती (प्रकाश लालकडे किती सरकला त्याचं माप, जितकं जास्त तितकी दीर्घिका दूर) ०.०२३ च्या आसपास आणि सदस्यांच्या वेगांचा विखुर सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर. मध्यापासून तिप्पट विखुराच्या आतल्या सगळ्या घेतल्या.

यादी दिसते तितकी निरागस नाही. स्लोनच्या वर्णपटमापकात प्रकाश पकडणारे दोन काचतंतू ५५ कोनीय सेकंदांपेक्षा जवळ बसत नाहीत, त्यामुळे जिथे दीर्घिका सर्वांत दाट, म्हणजे ऐन केंद्रात, तिथेच काही सदस्य गळतात. मुख्य सर्वेक्षणाची तेजस्वितेची मर्यादा १७.७७ प्रतीची (आकडा जितका मोठा तितकी दीर्घिका मंद), त्याहून मंद बटू दीर्घिका यादीत नाहीतच. दोन्ही गोष्टी कोनावर थेट परिणाम करत नाहीत, पण केंद्राजवळची संख्या कमी होते, आणि आपल्याला तीच हवी आहे. इतर सर्वेक्षणांमधल्या ताम्रसृती घालून भोकं बुजवली.

केंद्र कुठे मानायचं हाही प्रश्नच आहे. कोमात दोन राक्षस दीर्घिका आहेत, एनजीसी ४८७४ आणि एनजीसी ४८८९, एकमेकांपासून साधारण ७ कोनीय मिनिटांवर. बाहेरच्या दीर्घिकांना याने फरक पडत नाही, आतल्यांचा मात्र ‘केंद्राकडे’ या शब्दाचा अर्थच बदलतो. दोन्ही केंद्रं घेऊन वेगवेगळं चालवणार.

२२ जानेवारी

आज तिसऱ्या मितीत अडकले. आकाशातला कोन ही सावली आहे. खरी दिशा हवी तर चकती आपल्याकडे किती कललेली आहे ते हवं. होल्मबर्गचं सूत्र त्यासाठीच : लहान आणि मोठ्या अक्षांचं गुणोत्तर घ्या, चकतीची स्वतःची जाडी (नेहमी ०.२ धरतात) वजा करा, कल मिळतो. गुणोत्तर ०.५ असेल तर कल सुमारे ६२°.

जाडी ०.२ ऐवजी ०.१३ धरली तर हाच कल ६१° येतो, म्हणजे फारसा फरक नाही. पण गुणोत्तर ०.२५ असलेल्या, जवळजवळ काठावरून दिसणाऱ्या दीर्घिकेचा कल ८१° वरून ७८° वर येतो. आणि ज्यांचं गुणोत्तर गृहीत जाडीपेक्षाही कमी निघतं त्यांना सूत्र ९०° च देतं. म्हणजे ९०° ला खोटा ढीग साचतो. दिशा पूर्ण विस्कटलेल्या असतील तर कलाचा कोसाइन सपाट वाटला जातो आणि निम्म्या चकत्या ६०° पेक्षा जास्त कललेल्या दिसतात. ही तुलना करताना तो ढीग लगेच डोळ्यात भरतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे एवढी मापं असूनही भ्रमणाक्ष एकच मिळत नाही. चकतीची कुठली कड आपल्या जवळची ते ठाऊक नाही, आणि ती कुठल्या बाजूने फिरते तेही नाही. दोन गुणिले दोन, चार उत्तरं. धुळीच्या पट्ट्यांवरून जवळची कड ओळखता येते, दोन्ही बाजूंच्या वेगांवरून फिरण्याची दिशा कळते. पण हे मोजक्या दीर्घिकांनाच जमतं. शिवाय कोमाच्या गाभ्यात सर्पिल दीर्घिका कमीच. दाट वस्तीत लंबवर्तुळाकार आणि मसुराकार दीर्घिकांचं राज्य असतं हे ड्रेसलरने १९८० मध्येच दाखवलं. त्यांना होल्मबर्गचं सूत्र लावण्यात अर्थ नाही, कारण त्या चकत्या नाहीतच किंवा जाड चकत्या आहेत.

तिसरी वही बंद. मार्गदर्शक सरांना सांगितलं, ते म्हणाले, “बंद कर, पण का बंद केलीस ते लिहून ठेव.” वर लिहिलं आहे.

३० जानेवारी

मागचं काम वाचत होते. विषय जुना आहे आणि त्याला भांडणाचा इतिहास आहे.

मूळ कारण सिद्धान्ताचं. दीर्घिकांना फिरण्याची गती मिळाली कुठून? फ्रेड हॉइल यांनी १९५१ मध्ये छापलेल्या लेखात म्हटलं की शेजारच्या वस्तुमानाची भरती-ओहोटीची ओढ घडत्या दीर्घिकेला पीळ देते. पीबल्स यांनी १९६९ मध्ये त्याला गणिताचा आधार दिला. दुसरीकडे झेल्डोविच यांची १९७० ची कल्पना : आधी मोठी सपाट पत्रं घडतात, मग ती फुटून दीर्घिका होतात. तिसरीकडे, सुरुवातीच्या विश्वातच भोवरे होते असं मानणारे. तिघांची भाकितं वेगळी होती. भोवरेवाल्यांनुसार भ्रमणाक्ष गुच्छाच्या प्रतलाला लंब असावेत, पत्रंवाल्यांनुसार प्रतलातच पडलेले, आणि लहानातून मोठं घडण्याच्या चित्रात जवळपास विस्कळीत. म्हणजे नुसते कोन मोजून विश्वाच्या जडणघडणीचा निवाडा करता येईल अशी आशा होती. म्हणूनच १९७० आणि ८० च्या दशकांत एवढी माणसं छायापट्ट्यांवर वाकून दीर्घिकांचे कोन मोजत बसली.

निवाडा काही झाला नाही. कुणाला जुळणी दिसली, कुणाला नाही. पोलंडच्या गोद्वोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २४७ श्रीमंत, म्हणजे सदस्यांनी भरलेले, एबेल गुच्छ घेतले, प्रत्येकात किमान १०० सदस्य, आणि सांगितलं की गुच्छ जितका भरलेला तितकी जुळणी जास्त. नेपाळचे बिनिल आर्याल यांनी अनेक गुच्छांत बहुतेक ठिकाणी विस्कळीतपणाच पाहिला. आर्याल आणि साउरर यांचा २००० मधला एक मुद्दा मला सर्वांत उपयोगी वाटला : निवडीमुळे ‘विस्कळीत’ची अपेक्षित वक्ररेषाच बदलते. काठावरून दिसणाऱ्या दीर्घिका गाळल्या, किंवा आकाशाचा एकच तुकडा घेतला, की विस्कळीत दिशाही विस्कळीत दिसत नाहीत. तेव्हा अपेक्षित वक्र कागदावर न काढता संगणकावर त्याच निवडीसह बनवायचा.

श्रीमंत गुच्छांच्या निष्कर्षाबद्दल माझी एक शंका नोंदवते. संख्या वाढली की खरा संकेत जसा ठळक होतो तसाच मोजमापातला बारीक पद्धतशीर दोषही ठळक होतो. त्यामुळे ‘सदस्य जास्त, जुळणी जास्त’ एवढ्यावर मी समाधान मानणार नाही.

४ फेब्रुवारी

गॅलेक्सी झू या, सामान्य लोकांकडून दीर्घिका ओळखून घेणाऱ्या प्रकल्पाचा किस्सा वाचला, इथे हवाच. लोकांनी हजारो सर्पिल दीर्घिकांची वळणं ओळखली तेव्हा डावीकडे वळणाऱ्या जास्त निघाल्या. मग त्याच प्रतिमा आरशात उलटवून दाखवल्या. तरीही डावीकडच्याच जास्त. २००८ मधला निष्कर्ष असा की झुकाव विश्वाचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता. आपल्या प्रकल्पात डोळ्याने एकही कोन मोजायचा नाही.

११ फेब्रुवारी

किती दीर्घिका लागतील त्याचा हिशेब. दिशा पूर्ण विस्कळीत असतील तर दुप्पट कोनाच्या कोसाइनची सरासरी शून्याभोवती डोलते, आणि त्या डोलण्याचं प्रमाण विचलन १ भागिले (२ × संख्या) चं वर्गमूळ. १०० दीर्घिकांना ०.०७१, १,००० ला ०.०२२, १०,००० ला ०.००७१. खरा संकेत ०.०२ एवढा असेल आणि तो तिप्पट खात्रीने पकडायचा असेल तर ११,००० हून जास्त दीर्घिका हव्यात.

कोमा एकट्याने हे देऊ शकत नाही. म्हणजे दुसऱ्या वहीचं कोमामधलं उत्तर आजच अर्धं ठाऊक आहे : संकेत प्रचंड असला तरच दिसेल. मग कोमा घ्यायचा कशाला? पद्धत तपासायला. इथे प्रत्येक दीर्घिका शेकडो पिक्सेलांवर पसरलेली आहे, कोन कुठे आणि का बदलतो ते उघड पाहता येतं. दूरच्या गुच्छांत तीच दीर्घिका मूठभर पिक्सेलांची होते आणि सगळे दोष एकमेकांत मिसळतात.

१८ फेब्रुवारी

पहिली वही, राक्षसांची. एनजीसी ४८७४ पासून ४८८९ कडे जाणारी रेषा निर्देशांकांवरून काढली तर तिचा स्थितिकोन ८१° येतो, जवळजवळ पूर्व-पश्चिम. एनजीसी ४८८९ चा स्वतःचा मोठा अक्षही ८०° च्या आसपास. नैर्ऋत्येला सुमारे ४० कोनीय मिनिटांवर एनजीसी ४८३९ चा लहान समूह आहे, तो गुच्छाशी विलीन होतो आहे, आणि ती दीर्घिकाही साधारण त्याच अंगाने लांबलेली आहे. त्याच बाजूला आणखी पुढे एबेल १३६७ हा दुसरा गुच्छ, आणि दोघांना धरून ती दीर्घिकांची ‘महाभिंत’, जी गेलर आणि हुक्रा यांनी १९८९ मध्ये दाखवली.

एका गुच्छावरून नियम होत नाही, पण इथे कोमा एकटा नाही. जी. एन. सास्त्री यांनी १९६८ मध्येच लिहिलं होतं की काही एबेल गुच्छांत महाराक्षस दीर्घिकेचा अक्ष गुच्छाच्या लांबीला धरून असतो. बिंगेली यांनी १९८२ मध्ये ४४ गुच्छांवर ते पक्कं केलं आणि वर दाखवलं की जवळचे गुच्छ एकमेकांकडे रोख धरून असतात. कन्या गुच्छात तर तिसरी मितीही मिळते : वेस्ट आणि ब्लेकस्ली यांनी २००० मध्ये मोजलेल्या अंतरांवरून तिथल्या तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिका जवळजवळ एका रेषेत निघाल्या, रेषा आपल्या दृष्टिरेषेपासून फक्त १० ते १५ अंश कललेली, आणि वाढवली तर एबेल १३६७ कडे जाते. २०१७ मध्ये वेस्ट आणि सहकाऱ्यांनी हबलच्या प्रतिमांतले ६५ दूरचे गुच्छ घेतले. विश्व आजच्या वयाच्या तिसऱ्या हिश्शाचं असतानाही मधल्या राक्षसांची ही जुळणी झालेली होती.

याचं कारणही पटण्यासारखं आहे. गुच्छात वस्तुमान सगळीकडून सारखं येत नाही, गुच्छांना जोडणाऱ्या दीर्घिकांच्या आणि वायूच्या लांबट तंतूंमधून येतं. राक्षस दीर्घिका मध्यावर बसून शेजाऱ्यांना गिळत वाढते, आणि घास त्याच दोन-तीन दिशांनी येतात. त्यामुळे तिचा आकार तंतूची आठवण ठेवतो. ही वही मी भरलेली समजते.

२६ फेब्रुवारी

सदस्यांची पहिली फेरी. स्लोनच्या प्रतिकृती-जुळणीतले कोन घेतले, म्हणजे पूर्ण दीर्घिकेवर एक गणिती आकार बसवून काढलेले. केंद्राकडे कल आहे असं म्हणता येत नाही. केंद्र ४८७४ घ्या किंवा ४८८९, उत्तर शून्याच्या डोलण्यात बसतं.

मोठ्या कामांशी हे जुळतं. सिफोन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ९० गुच्छांतल्या १४,५७६ सदस्यांवर, ज्यांच्या सदस्यत्वाला वर्णपटाचा पुरावा आहे, हेच पाहिलं आणि त्यांनाही शून्याशी सुसंगत उत्तर मिळालं. पण त्याआधी २००५ मध्ये परेरा आणि कून यांना स्लोनच्याच गुच्छांत केंद्राकडे स्पष्ट कल दिसला होता. दोन्ही कामं काळजीपूर्वक केलेली आहेत. फरक कोन कुठून घेतला यात आहे : परेरा आणि कून यांनी समदीप्ती रेषेचा, म्हणजे एका ठरावीक मंद चमकेवर काढलेल्या बाह्य कडेचा कोन घेतला होता.

स्लोनच्या आठव्या प्रकाशनापासून समदीप्तीची मापं देणं थांबलं. सातव्याची जुनी कोष्टकं मात्र मिळतात. उतरवून घेतली.

५ मार्च

आजचा दिवस कागद-पेन्सिलीचा, आणि आतापर्यंतचा सर्वांत फायद्याचा.

समजा एक पूर्ण गोल दीर्घिका आहे. तिची चमक केंद्रापासून घातांकी दराने घटते. ज्या लांबीत ती सुमारे ३७ टक्क्यांवर येते ती प्रमाणलांबी. ही दीर्घिका राक्षस दीर्घिकेच्या विरळ प्रकाशात बसली आहे, म्हणजे तिच्याखालची पार्श्वभूमी सपाट नाही, केंद्राकडे चढत जाते. आता एका ठरावीक चमकेवर समदीप्ती रेषा काढा. उताराचं माप ‘क’ असं धरते : एका प्रमाणलांबीत पार्श्वभूमी जेवढी चढते, भागिले त्या रेषेची चमक.

उतार सौम्य असेल तर पहिल्या अंदाजात समीकरण येतं : दीर्घिकेच्या केंद्रापासूनचं अंतर = ठरावीक त्रिज्या + क × उताराच्या दिशेतलं अंतर. हे तर सरळ लंबवर्तुळाचं समीकरण! विमध्यता क, आणि दीर्घिकेचं केंद्र बरोबर त्याच्या नाभीवर. गोल दीर्घिकेची कड नुसती सरकत नाही, लांबते, आणि लांबते ती गुच्छाच्या केंद्राकडे.

पुढची पदं सोडून चालत नाही, ती पहिल्यापेक्षा मोठी ठरतात. म्हणून पूर्ण समीकरण अंकगणिताने सोडवलं. रेषेची त्रिज्या २ प्रमाणलांब्या आणि क ०.१ असताना अक्षांचं गुणोत्तर ०.९८ येतं. तीच रेषा दीडपट मंद चमकेवर काढली तर ०.९५. दुप्पट मंद चमकेवर काढायला गेलं तर रेषा बंदच होत नाही. केंद्राच्या बाजूने ती राक्षसाच्या प्रकाशात उघडी पडते आणि मोजणारा प्रोग्रॅम मग जे काही लंबवर्तुळ बसवेल ते केंद्राकडेच बोट दाखवेल.

०.९५ ऐकायला किरकोळ वाटतं. लांबटपणाच्या भाषेत ते ०.०२६ होतं. सिफोन यांच्या मापनातली अनिश्चितता ०.००३ हूनही कमी आहे. म्हणजे आपण जो संकेत शोधतो आहोत त्याच्या कितीतरी पट मोठा खोटा संकेत एका उताराने तयार होतो, आणि त्यासाठी दीर्घिकेला काहीही व्हावं लागत नाही.

हाओ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमकं हेच बोट ठेवलं होतं : समदीप्ती कोनांत दिसणारी जुळणी प्रतिकृती-कोनांत दिसत नाही, आणि राक्षस जितका तेजस्वी तितकी ती वाढते, तेव्हा संशय राक्षसाच्या प्रकाशावर. त्यांचा लेख आधी वाचला होता, पण गणित स्वतः केल्यावर तो आता वेगळा वाचता येतो.

१२ मार्च

कृत्रिम प्रतिमांवर पडताळा. निरनिराळ्या लांबटपणाच्या दीर्घिका, विस्कळीत कोन, खाली राक्षसाच्या प्रकाशाचा उतार आणि वर आकाशाचा गोंधळ. आतल्या, तेजस्वी रेषांवरचे कोन जिथे ठेवले तिथेच सापडले. बाहेरच्या रेषांवरचे केंद्राकडे वळले. ०.६ गुणोत्तराच्या ठणठणीत लांबट दीर्घिका फारशा हलत नाहीत. हलतात त्या गोलसर, ज्यांच्या कोनाला मुळातच वजन कमी. तेव्हा ०.९ च्या वरच्या सगळ्या गाळणं हा अर्धा उपाय आहे. अर्धाच, कारण लांबटपणाची सरासरी घेतली तर त्यात खोटा भाग मिळतोच, दीर्घिका कशीही असो.

पार्श्वभूमी आधी वजा केली तर? केली. पुष्कळ सुधारतं, पण वजाबाकी राक्षसाच्या आकाराची प्रतिकृती किती चांगली यावर ठरते, आणि कोमात दोन राक्षसांचे प्रकाश एकमेकांत मिसळले आहेत.

२० मार्च

काल यूक्लिड दुर्बिणीचा पहिला त्वरित साठा खुला झाला : ६३ चौरस अंश, २.६ कोटी दीर्घिका. आमच्या कामाला थेट लागणार नाही. पण हा सगळा खटाटोप आज खगोलशास्त्रज्ञांना का हवा आहे ते यूक्लिडमुळेच.

दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानाजवळून येताना वाकतो आणि तिची प्रतिमा किंचित ताणली जाते, साधारण एक टक्का. दीर्घिकांचा नैसर्गिक लांबटपणा याच्या कितीतरी पट, म्हणून लाखोंची सरासरी घेतात आणि गृहीत धरतात की मुळात सगळ्यांच्या दिशा विस्कळीत होत्या. ते गृहीतक चुकलं तर न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा हिशेब चुकतो. हिराता आणि सेल्याक यांनी २००४ मध्ये दाखवलेला भाग तर आणखी अवघड : एकच गुच्छ आपल्या शेजारच्या दीर्घिकांना स्वतःकडे वळवतो आणि मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा स्वतःभोवती आडव्या ताणतो. दोन्ही परिणाम एकमेकांना कापतात आणि संकेत खराखुरा आहे त्याहून दुबळा दिसतो.

म्हणजे गेल्या पिढीला दिशांमधून विश्वाचा जन्म वाचायचा होता; आताच्या पिढीला त्या दिशा हिशेबातून काढून टाकायच्या आहेत. मोजणी तीच.

१ एप्रिल

१२ मार्चपासून एक गोष्ट टोचते आहे. खोटा संकेत बाहेरच्या कडेवर मोठा असतो म्हणून बाहेरची कड टाकून द्यायची, असं सगळे सुचवतात. पण खरा संकेतही तिथेच मोठा असायला हवा. गुच्छाची भरती-ओहोटीची ओढ दीर्घिकेच्या बाहेरच्या ताऱ्यांवर जास्त चालते, ते सैल बांधलेले असतात. आतला गाभा घट्ट. तेव्हा ओढ खरी असेल तर बाह्य कड केंद्राकडे वळेल आणि गाभा वळणार नाही. राक्षसाच्या प्रकाशाचा खोटा परिणामही हुबेहूब तसाच. दिशा तीच, बाहेर वाढण्याची रीत तीच, केंद्राजवळ ठळक होणंही तेच.

परेरा, ब्रायन आणि गिल यांच्या २००८ मधल्या संगणकीय प्रतिरूपांत कृष्णद्रव्याची उपवलयं (सदस्य दीर्घिकांना वेढणारे त्याचे ढग) ओढीने केंद्राकडे वळतात. केंद्राच्या अगदी जवळून झपाट्याने जाताना मात्र वळण मागे पडतं, कारण दिशा फार लवकर बदलते. कोमासारख्या गुच्छात १ मेगापार्सेक (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) अंतर सेकंदाला १,००० किलोमीटरने कापायला सुमारे १ अब्ज वर्षं लागतात, म्हणजे दीर्घिकेला वळायला वेळ आहे. हा मुद्दा निव्वळ ‘प्रकाशाचा दोष’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

सरांना विचारलं, “दोन्ही सारखेच दिसत असतील तर वेगळे कसे करायचे?” ते म्हणाले, “ज्यांना ओढ लागणारच नाही अशा दीर्घिका शोध.”

९ एप्रिल

त्या कोमाच्या मागे आहेत. आकाशात कोमाच्या भागात दिसणाऱ्या, पण ताम्रसृती ०.०५ च्या पुढच्या दीर्घिका. कोमाशी त्यांचा काही संबंध नाही, त्याच्या ओढीत त्या कधीच नव्हत्या. प्रकाश वाकण्याचा, म्हणजे गुरुत्वीय भिंगाचा परिणाम झालाच तर त्यांना आडवा करेल, केंद्राकडे वळवणार नाही. पण राक्षसाचा प्रकाश त्यांच्याही खाली पसरलेला आहे. मागच्या दीर्घिकांच्या बाह्य कडा केंद्राकडे वळलेल्या दिसल्या तर तो सगळा दोष. सदस्यांचं वळण त्याहून जास्त निघालं तर वरचा भाग खरा.

एक अट : तुलना सारख्याच दिसणाऱ्या दीर्घिकांची हवी. मागच्या दीर्घिका लहान आणि मंद दिसतात, त्यांच्यावर उताराचा परिणाम वेगळा होतो. म्हणून प्रत्येक सदस्याला दिसणारी चमक, आकार आणि केंद्रापासूनचं कोनीय अंतर जुळणाऱ्या मागच्या दीर्घिका जोडल्या.

२ मे

जोड्या लावून झाल्या आणि घोडं तिथेच अडलं जिथे अडणार होतं. राक्षसांच्या जवळ, जिथे उतार खरोखर तीव्र आहे, तिथे चमकदार मागच्या दीर्घिका फार थोड्या. दोन्ही बाजूंच्या अनिश्चितता एकमेकींवर पसरतात. बाहेरच्या पट्ट्यात संख्या भरपूर, पण तिथे ना उतार आहे ना ओढ. दोन्ही शून्य, आणि ते शून्य निदान स्वच्छ आहे. कॅमेऱ्याचा किंवा पिक्सेलांच्या जाळीचा झुकाव असता तर तो इथे दिसला असता.

पद्धत चालते. गुच्छ एक पुरत नाही. पुढचं काम कोमासारखे जवळचे बरेच गुच्छ घेऊन केंद्रापासूनचं अंतर राक्षसाच्या प्रकाशाच्या उतारात मोजायचं, मेगापार्सेकमध्ये नाही, आणि मग सगळ्यांची रास करायची. प्रत्येक दीर्घिकेचा ‘क’ आता आपोआप काढणारा प्रोग्रॅम तयार आहे.

२४ जून

रुबिन वेधशाळेच्या पहिल्या प्रतिमा काल आल्या आणि त्यात कन्या गुच्छाचा भाग आहे. विरळ प्रकाश इतका खोल टिपलेला आहे की दीर्घिकांभोवतीच्या फाटलेल्या ताऱ्यांच्या पदरांपर्यंत नजर जाते. समदीप्ती रेषा याहूनही मंद पातळीवर काढता येतील, म्हणजे ओढीचा खरा परिणाम जिथे सर्वांत मोठा तिथपर्यंत पोचता येईल, आणि राक्षसाचा प्रकाशही तिथे तितकाच हजर असेल.

कन्या गुच्छ सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर, कोमाच्या सहापट जवळ. दीर्घिका आकाशात विखुरलेल्या, त्यामुळे मध्ये मागच्या दीर्घिकांना जागा भरपूर. तिथल्या राक्षस दीर्घिकेच्या, एम ८७ च्या, प्रकाशाचा उतार आधीच्या सर्वेक्षणांतल्या खोल प्रतिमांवरून काढून ठेवते. मागच्या दीर्घिकांची यादी सरांना पाठवली आहे. ताम्रसृती नसलेल्या ठेवायच्या की गाळायच्या हे त्यांनी सांगितलं की जोड्या लावायला घेते.